कासव कुणाला म्हणालास

दहावा महिना, सहावा दिवस

सायंशाळेच्या बाई म्हणतात, रोज चार ओळी लिहा, नाहीतर म्हातारपणी शिकलेली अक्षरं चिमण्यांसारखी उडून जातात. रोज काही माझ्याच्याने व्हायचं नाही. ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी लिहीन. आज घडलं.

भूमिदेवाच्या देवळात आज पंचांची बैठक होती. यंदा मानाची धूपदाणी माझ्या घरी आहे. आठव्या महिन्यातल्या पुनवेला दरवर्षी घराघराच्या नावाने कौल लावतात. लाकडाच्या दोन फाका टाकायच्या, एक पालथी एक उताणी पडली की देवाचा होकार. माझ्या नावाला देव होकार देत सुटला तो थांबेचना. समोरच्या घरातली शिउथो म्हणाली, देवाला विधवेची दया आली. दया कसली, त्याला मजा बघायची असेल.

तर ज्या घरी धूपदाणी, त्या घराने दुसऱ्या महिन्यात देवाच्या वाढदिवसाला मांडवात काय कार्यक्रम व्हायचा ते ठरवायचं. मी उभी राहिले आणि सांगितलं की यंदा ठेक्याचं यंत्र आणायचं नाही, देवासमोर गिटारच वाजेल. बानलायने विचारलं, वाजवणार कोण, आखुन दादा तर गेले. मी म्हटलं, मी.

सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू वेगळं होतं.

माझा नवरा आखुन आणि हा बानलाय जन्मभर जोडीने फिरले. आमच्या पेइतोउ गावात गरम झऱ्यांची हॉटेलं, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात मोटारसायकलवर मागेपुढे बसून जायचे. पाहुणे जेवायला बसले की बानलाय गायचा, आखुन गिटारवर ठेका धरायचा. कौतुक सगळं बानलायच्या घशाचं. आखुनकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. म्हणायचा, छपराकडे कोण बघतं, आत पाणी गळलं नाही की झालं.

पुढे हॉटेलं बसली, दोघं म्हातारे झाले, उरला तो देवाचा वाढदिवस. तीन वर्षांमागे बानलायने त्या दिवशी ठेक्याचं यंत्र आणलं. बटण दाबलं की ढोल, झांजा, गिटार, सगळं त्यातून. आणि कर्ण्यातून अख्ख्या आळीसमोर म्हणाला, "आमच्या या कासवाला आता घरी बसू द्या. याच्या चालीने गाणं संपेपर्यंत जेवण गार होतं."

लोक हसले. आखुनही हसला. घरी येऊन त्याने गिटार खोळीत घातली, चेन ओढली, आणि पुन्हा काढली नाही. वर्षभराने गेला.

दुसरीकडे कासव म्हणजे हळू चालणारं जनावर असेल. आमच्याकडे नवऱ्याला कासव म्हटलं की बायको बाहेर शेण खाते असा अर्थ निघतो. म्हणजे एका शिवीत त्याने दोघांना झोपवलं. मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाजी चिरून पोरं वाढवली आणि हा मला तसली म्हणतो. वरून अजून मला वहिनी म्हणतो, रस्त्यात दिसला की मान लववतो.

आता देवासमोर मी त्याला उघडा पाडणार. तो दरवर्षी बंदराचं गाणं म्हणतो ना, तेच असं भन्नाट वेगात वाजवीन की जिभेला गाठ बसेल. लिहितानासुद्धा गुदगुल्या होतायत. आज रताळ्याची पेज एक वाडगा जास्त गेली.

दहावा महिना, अकरावा दिवस

मास्तर मिळाले. बाजारामागे वाद्यं दुरुस्त करतात ते लुआन मास्तर. जन्मभर सैन्याच्या वाद्यवृंदात गिटारवर ठेका वाजवला. त्यांचे आईबाप हरलेल्या सैन्याबरोबर समुद्रापलीकडून आलेले, त्यामुळे मास्तरांची बोली शाळेची, सरकारी. आमची घरातली बोली त्यांना येते ती ठेचकाळत. मला शाळेची बोली कळते तीही तेवढीच. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होत नाही.

गिटार काढली तर तारा गंजून लाल. मास्तरांनी त्या बदलल्या, आतली धूळ फुंकली, धुळीबरोबर एक मेलेला कोळी निघाला. मग विचारलं, आजी, या वयात कशासाठी शिकायचं? मी म्हटलं, सूड घ्यायला. त्यांना वाटलं आपल्याला बोली कळली नाही, पुन्हा विचारलं. मी गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. ते म्हणाले, बरं, मग पाठ ताठ ठेवा.

ठेक्याचं काम असं. डाव्या हाताने तारा दाबायच्या, उजव्याने मारायच्या, आणि मारल्या मारल्या डाव्याची बोटं सैल करायची, की आवाज जागच्या जागी बसतो. ऐकायला सोपं. माझ्या तारा म्हणजे सुट्टीतली पोरं, एक गप्प बसते तर दुसरी ओरडते. मास्तर ऐकत होते, मग त्यांनी हवेत मूठ आवळली आणि आमच्या बोलीत ओरडले, "किन, आजी, किन!"

किन म्हणजे लवकर. पोरांना शाळेत पाठवताना, बस सुटताना, भात करपताना आम्ही तेच म्हणतो. चला, मास्तरांच्या तोंडून आमचा एक शब्द तरी धड निघाला. आणि त्यांचंही माझ्यासारखंच मत दिसतंय. वेग हवा.

मूठ कशाला दाखवत होते कोण जाणे. सैन्यातली सवय.

अकरावा महिना, हिवाळ्याच्या मधला सण

आज तांदळाच्या गोळ्यांचं गोड पाणी केलं. गोळे वळता येईनात, बोटांची टोकं सोललीयत. नात यूचन तायपेहून आली होती. तिने बोटांना मलम लावलं आणि म्हणाली, आमा, वेडी झालीस का. मी म्हटलं, झाले.

हात माझा मुळात चपळ. मी मुळा चिरायला घेतला की पोरी काम टाकून बघायच्या. तेव्हा वेगाचं मला भय नाही. पण एक शंका येते ती इथेच लिहिते, कुणाला सांगत नाही. वेगात वाजवलं की तारा एकमेकींवर चढतात, नुसता गोंगाट होतो. हळू वाजवलं तर निदान कळतं कुठे चुकलं. मग आधी नीट वाजवायचं आणि मागून वेग आणायचा, की आधी वेग आणायचा आणि नीटपणा आपोआप येईल? मास्तरांना खुणांनी विचारलं. त्यांनी मूठ आवळली आणि म्हणाले, किन. झालं. शंका मिटली.

टकटक करणारं एक लाकडी यंत्र त्यांनी मला वापरायला दिलंय. त्याचं वजन खाली सरकवलं की ते पळतं. मी रोज थोडं खाली सरकवते. शिउथो खिडकीतून ओरडली की तुझ्या घरात गाढव उधळलंय का. तिला म्हटलं, थांब, दुसऱ्या महिन्यात कळेल कुणाला लाथ बसते ते.

बारावा महिना, तिसरा दिवस

देवळाच्या पायऱ्यांवर बानलाय दिसला. केस काळे रंगवलेले, बूट चकचकीत. अर्ध्या पायऱ्या चढून थांबला आणि देऊळ न्याहाळत बसला, जणू त्यानेच बांधलंय. मग खिशातून एक छोटी निळी पिचकारी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि तोंडात मारली. तोंडाला चांगला वास यावा म्हणून. या वयात कुणाला वास देतोय? माझ्याकडे लक्ष गेलं तशी पटकन खिशात घातली. लाजला असेल. लाज आहे म्हणजे अजून थोडी.

म्हणाला, वहिनी, अजून वेळ गेलेली नाही, यंत्र आणतो, तुमच्या हाताला कशाला त्रास. मी म्हटलं, देवाने कौल दिलाय भावजी, देवाशी बोला. तो म्हणाला, मग निदान गाणं जरा पळतं ठेवा, हल्ली लोकांना पळतंच आवडतं. मी म्हटलं, पळेल हो, पळेल. आणि मनातल्या मनात इतकी हसले की पायरी चुकले.

बारावा महिना, सोळावा दिवस

आज लिहायचं मन नाही, पण लिहिते.

वर्षअखेरचा देवाचा नैवेद्य होता. त्यानंतर मांडवात तालीम. मी, बानलाय, आणि बघायला शिउथोसकट अर्धी आळी. मी यंत्र नाही ना काय नाही, माझ्या हाताने सुरू केलं, आणि काय सांगू, उधळले. हात दिसत नव्हता. बंदराचं गाणं म्हणजे माणूस बोटीवर चढतो आणि बाई धक्क्यावर उभी राहते, तसलं. ते मी असं वाजवलं की बोट जणू पोलिसांना चुकवून पळतेय.

आणि बानलाय खूश. शब्द टपाटप टाकत गेला, एकही जागा चुकली नाही, मध्येमध्ये लोकांना डोळा घातला. लांबवायचे सूर सगळे तोडून टाकले आणि गाणं संपवून टाळ्या वाजवल्या. "शाब्बास वहिनी. आखुन दादाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते तुम्हाला दोन महिन्यांत जमलं."

म्हणजे मी त्याच्या नरडीवर सुरी ठेवायला गेले आणि त्याची दाढी करून आले.

वर नवऱ्याचा अपमान पुन्हा झाला, तोही माझ्याच हाताने. घरी आल्यावर आखुनच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

बारावा महिना, एकोणिसावा दिवस

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

यूचन आली होती. तिला म्हटलं, मास्तरांना एकदा शाळेच्या बोलीत धड विचार की माझा वेग अजून कमी पडतोय का. मी त्यांच्यासमोर वाजवायला लागले. त्यांनी नेहमीसारखी मूठ आवळली, किन, किन. मी आणखी पळाले. ते आणखी ओरडले. मी आणखी पळाले. त्यांचा चेहरा लाल, माझा लाल, आणि यूचन मध्येच मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली.

तिला बोलता येईना. मग डोळे पुसून म्हणाली, "आमा, त्यांच्या बोलीत त्या अक्षराचा अर्थ घट्ट असा होतो. ते तुला लवकर म्हणत नव्हते. घट्ट म्हणत होते."

अक्षर एकच. आमच्यात त्याचा अर्थ लवकर, त्यांच्यात घट्ट. मास्तरांना वाटलं, आजीला शाळेची बोली कळत नाही, तर आपण तोच शब्द तिच्या उच्चारात म्हणू. आणि मूठ म्हणून दाखवत होते, मेली मूठ. दोन महिने हा माणूस मला आवर, आवर म्हणतोय आणि मी चौखूर उधळतेय.

मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. मग यूचनमार्फत सांगितलं ते असं. वेगात पसारा लपतो. दहा चुका एका घोंगडीखाली झाकल्या जातात. हळू वाजवताना प्रत्येक ठोका उघडा असतो, तो वेळेवर आला पाहिजे आणि वेळेवर मेला पाहिजे. वेग हा शेवटी, वाटलं तर घ्यायचा, मिठासारखा. आणि ठेका धरणारा माणूस गाणाऱ्याला पळू देत नाही. म्हणून गाणारे त्याच्यावर चिडतात.

मी विचारलं, म्हणजे आखुन हळू नव्हता, तो धरून ठेवत होता? मास्तर म्हणाले, त्यांनी आखुनला ऐकलंय, सैन्यातली माणसं हॉटेलात जायची तेव्हा. भिंत होती, म्हणाले. भिंतीला टेकून कुणीही गाऊ शकतं.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच. बानलाय पायऱ्यांवर का म्हणाला, पळतं ठेवा? तालमीत लांब सूर का तोडले? त्याला हळू गाता येत नाही. कधीतरी येत होतं, आता येत नाही. घसा गेलाय, आणि तो झाकायला त्याने माझ्या नवऱ्याला कासव केलं.

आता बघते त्याला. वेगाने नाही मारणार. हळूहळू मारणार.

पहिला महिना, चौथा दिवस

नवं वर्ष झालं. लेक-सून येऊन गेले, मुळ्याचे तिखट केक अजून उरलेत, शिउथोला दिले तर म्हणाली मीठ जास्त. तरी सगळे खाल्ले.

हळू वाजवणं फार कठीण आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा असते की त्यात माणूस स्वतःला भेटतो. वेगात असताना मला फक्त बानलाय दिसायचा. हळू वाजवताना आखुन दिसतो. डावं कोपर पोटाशी धरायचा. मला वाटायचं भूक लागलीय. आज लक्षात आलं, तसं धरलं की बोटं एकदम सुटतात. मीही धरलं. तारा सगळ्या एकदम गप्प झाल्या. घरात इतकी शांतता झाली की मी मागे वळून बघितलं.

खरं लिहायचं तर मी आनंदात आहे. सूड इतका गोड असतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी केव्हाच कुणाचातरी घेतला असता.

पहिला महिना, सव्विसावा दिवस

बानलाय तालमीला येत नाही. निरोप पाठवतो, सर्दी झालीय, गुडघा दुखतो, पाहुणे आलेत. घाबरलाय. मास्तर म्हणाले, न भेटता वाजवू नका, गाणाऱ्याचा श्वास ओळखीचा हवा. मी म्हटलं, मला त्याचा श्वास ओळखायचा नाही, काढायचा आहे. मास्तरांनी डोळे मिटले. हल्ली ते माझी बोली बरीच समजतात.

दुसरा महिना, दुसरा दिवस

पाय दुखतायत पण आजच लिहायला हवं.

मांडवात लाल कापडाची टेबलं, बाहेर मोठ्या कढया, तिळाच्या तेलातल्या कोंबडीचा वास पार हॉटेलांपर्यंत. देवाला नवा झगा. मी जांभळं जाकीट घातलं. यूचन आणि मास्तर पुढच्या टेबलाशी. बानलाय पांढऱ्या सुटात आला, केस चमकत होते. त्याने हळूच सांगितलं, वहिनी, तालमीसारखं. मी हसले.

आणि हळू सुरू केलं. आखुनच्या चालीने.

त्याने पहिल्या ठोक्यालाच माझ्याकडे बघितलं. पण माईक हातात, लोक समोर, देव मागे, जाणार कुठे? गायला लागला. पहिलं कडवं त्याने ओढलं. आवाज अजून सुंदर आहे, खोटं लिहिणार नाही. लोक चमच्यांचा आवाज थांबवून ऐकायला लागले. तो पुढे पळायला बघायचा, मी पळू द्यायची नाही. बैल गाडी ओढतो आणि गाडीवान कासरा धरतो तसं. माझे ठोके असे बसत होते की मास्तरांनी टेबलावर मूठ आवळली आणि या वेळी मला तिचा अर्थ कळत होता.

दुसऱ्या कडव्यात मी त्याच्या अगदी बाजूला, हातभर अंतरावर. लोकांना कर्ण्यातला आवाज येत होता. मला कर्ण्याच्या अलीकडचा. दोन शब्दांच्या मध्ये त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती. किटलीला वाफ धरते तशी बारीक. ती शिट्टी मला ठाऊक आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीत वाजायची, थंडीत ती उशाला टेकून बसायची, झोपायची नाही. पंधराव्या वर्षी दम्याने गेली. तेव्हा असल्या पिचकाऱ्या नव्हत्या.

त्याचा हात सुटाच्या खिशाकडे गेला आणि परत आला. लोकांसमोर कसा काढणार? ओठ वांग्यासारखे झाले होते.

मला सगळं एकदम कळलं. पायऱ्यांवर अर्ध्यात थांबणं, पिचकारी, यंत्र, सगळं. आणि हेही कळलं की आणखी दोन ओळी असंच धरलं की हा देवासमोर गुडघ्यावर येईल. हवं होतं तेच. चार महिने बोटं सोलली ती याच्यासाठीच.

एक ओळ मी धरली. पूर्ण. आणि मला मजा आली. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

मग हात सोडला आणि पळाले. तालमीत पळाले होते तशी, त्याहून जास्त. त्याने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या वेगावर उडी मारली, लांब सूर गिळले, शब्द टाकत टाकत काठाला लागला. गाणं धडपडत संपलं. पोरं टाळ्या वाजवत नाचायला लागली, मोठे हसायला लागले. बानलाय पडद्यामागे गेला. मी तिथेच बसून राहिले, मांडीवर गिटार, आणि अख्खी आळी माझ्याकडे बघून हसतेय.

दुसरा महिना, तिसरा दिवस

सकाळी मांडवाची भांडी धुवायला गेले. धूपदाणी माझ्या घरी, तेव्हा भांडीही माझीच. शिउथो आधीच तिथे, तिच्याबरोबर आणखी बायका. म्हणे, सुरुवात किती छान होती, मग काय शिरलं तुझ्या अंगात? मी म्हटलं, हात घसरला. दुसरी म्हणाली, आखुन असा कधी घसरला नाही हो, त्याच्यावर घड्याळ लावावं. माझ्या छातीत जरा ऊब आली. तेवढ्यात शिउथो म्हणाली, "म्हणूनच म्हणते, ससा नको बाई, आपलं कासवच परवडलं."

सगळ्या हसल्या. कढई घासता घासता मला कळलं की मी हरले. माझा सूड गेला, अब्रू गेली, आणि आखुन अजून कासवच. जिभेवर सगळं होतं. बानलायची छाती, पिचकारी, वांग्यासारखे ओठ. एक वाक्य टाकलं असतं की दुपारच्या आत आळीभर. मी कढई घासत राहिले. का ते विचारू नका, मलाच नीट माहीत नाही. मी गप्प बसलेली शिउथोने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, बरी आहेस ना?

दुपारी बानलाय आला. हातात संत्र्यांची पिशवी, अंगात साधा सदरा, केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं. आखुनच्या फोटोपुढे उभा राहिला. मी बस म्हटलं नाही. तो आपणच बसला, खिशातून पिचकारी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. विचारलं, का पळालात?

मी म्हटलं, हात घसरला.

"खोटं बोलू नका वहिनी."

मग त्याने सांगितलं. छातीचं दुखणं यंत्र आणायच्या आदल्या वर्षापासूनचं. आखुनच्या चालीने गाणं पुरं होईना. मी विचारलं, मग त्याला सांगायचं होतं, तो थांबला नसता का. बानलाय म्हणाला, "थांबला असता. म्हणूनच नाही सांगितलं. तो थांबला असता, मला दवाखान्यात घेऊन गेला असता, गाणं बंद कर म्हणाला असता. यंत्राचा वेग वाढवला तर ते कारण विचारत नाही."

मी म्हटलं, आणि मला?

"तुम्हाला सांगितलं असतं तर माझ्या बायकोच्या आधी मासेवालीला कळलं असतं."

यावर मला हसू आलं, फार राग आला होता तरी आलं. मग हसू गेलं आणि राग उरला. मी म्हटलं, दम पुरत नाही म्हणायची लाज वाटली, आणि माझ्या नवऱ्याला कर्ण्यातून कासव म्हणताना नाही वाटली. वर्षभर तो त्या खोळीकडे बघत होता, भावजी. तू त्याच्या अंत्ययात्रेत गायलास आणि तेही यंत्रावर.

त्याने संत्रं उचललं, परत ठेवलं. मग म्हणाला, सांगा काय करू.

माफ केलं असं मी म्हटलेलं नाही, अजूनही म्हणत नाही. मी गिटार घेतली, रस्त्याकडची खिडकी सताड उघडली आणि त्याला सांगितलं. बंदराचं गाणं. आखुनच्या चालीने, एक ओळ गायची, मग थांबायचं, हवा तेवढा वेळ. आणि प्रत्येक ओळीनंतर खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचं, आखुन कासव नव्हता.

पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात म्हणाला. मी म्हटलं, शिउथोला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा समोर तिच्या सुरीचा आवाज थांबला. तिसऱ्यांदा तिने खिडकीचं दार लोटलं आणि डोकं बाहेर काढलं. त्यानंतर मला काळजी नव्हती. तिच्या कानात पडलं की संध्याकाळपर्यंत देवळापर्यंत जातं.

दोन-दोन ओळींनी त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. तेव्हा मी गिटार खाली ठेवायची, उठून खिडकी लावायची, आणि त्याची पिचकारी मारून होईपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहायची. मग खिडकी पुन्हा उघडायची.

एका गाण्याला अख्खी दुपार लागली. मला काही घाई नव्हती.